खोडसाळपणाचं कलम

आमची शेड जळाली त्या संध्याकाळी सगळ्या आळीला भूक लागली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच. आत पोह्याचे पापड होते, मिरगुंडं होती. पत्र्याखाली सगळं एकदम भाजलं गेलं आणि लग्नघरासारखा खमंग वास पेणच्या त्या टोकापर्यंत पोचला. मी रस्त्यात उभी राहून रडत होते आणि माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं. अजूनही दुपारी डुलकी लागली की तो वास येतो. त्या झोपेत काहीच जळालेलं नसतं. जुन्या पांढऱ्या साड्यांवर पापड वाळत असतात, खाडीवरचा वारा साड्यांची टोकं उचलतो आणि भाभी पाटावरून म्हणते, "वैनी, मीठ कमी हाय गो." स्वप्नातसुद्धा माझ्या मिठाला नावं ठेवल्याशिवाय तिला राहवत नाही.

भाभी म्हणजे माझी भागीदार. तिचा नवरा आखातात. त्याच्या पगारातून गावाच्या धरमतरकडच्या टोकाला जागा घेतली, शेडसाठी बँकेने कर्ज दिलं आणि राबलो आम्ही दोघी. तिच्या मोहल्ल्यातल्या बायका आणि माझ्या आळीतल्या बायका एकाच शेडमध्ये बसत. कोणी कोणाशेजारी बसायचं ते फक्त गप्पांवर ठरे. सासूची गाऱ्हाणी सांगणाऱ्या एका बाजूला, स्वतःच सासू झालेल्या दुसऱ्या बाजूला. दुपारी दाराशी ऊन सरकत यायचं, लाटण्यांचा आवाज हळूहळू एका लयीत पडायचा आणि मला वाटायचं, आपण सगळ्याजणी मिळून कुठल्या तरी होडीत बसलोय. असलं काही मी बोलून दाखवायची नाही. भाभी हसली असती.

त्या दिवशी दिवेलागणीला बायका घरी गेल्या होत्या आणि आम्ही दोघी कुलूप शोधत होतो. मोटारसायकलवरून दोघे आले, डोक्याला हेल्मेट. मागच्याने पेटती बाटली आत फेकली. मग अगदी सावकाश, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला, "दोन्हीकडच्या बायका एकत्र बसवायचं बंद करा. पुढच्या वेळी बायका आत असताना पेटवू." गाडी वळवून ते वडखळच्या दिशेने निघून गेले.

"आमच्यातलेच असतील गो," भाभी म्हणाली. मला तर खात्री होती की ते आमच्यातले. पत्रे तापून वाकत होते आणि आम्ही दोघी तिथे उभ्या राहून, लाज कोणी वाटून घ्यायची यावर हुज्जत घालत होतो.

पोलिसांना आम्ही मोटारसायकल सांगितली, बाटली सांगितली. धमकी सांगितली नाही. ती बायकांच्या कानावर गेली तर उद्या एकही यायची नाही, असं भाभीचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं. नाक्यावर मात्र तेवढ्यावरच सभा भरली. कोणी म्हणे हा दहशतवादच. माझे दीर म्हणाले, "दहशतवादाला बॉम्ब लागतो, बाहेरचा माणूस लागतो. आपल्याच गावातल्या टवाळ पोरांनी केलं त्याला काय म्हणायचं?" सगळ्यांनी आणखी एकेक चहा मागवला. आमचं घर बसलं आणि यांना विषय मिळाला, म्हणून मला फार राग आला होता.

शेडचा विमा बँकेने उतरवला होता. नुकसान बघायला कंपनीने पाठवलेला माणूस रोह्याचा. राख बघून गेला आणि जबाबासाठी त्याने आम्हाला रोह्याला लागून असलेल्या वरसे गावी, त्याच्या ऑफिसात बोलावलं. पैसे आले तर शेड उभी राहणार होती. नाही आले तर कर्ज तेवढं राहणार, आणि एकत्र बसायला जागाच उरणार नव्हती.

एसटीत भाभी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. बाहेर वालाची शेतं हिरवीगार होती, त्यांच्यावर पातळ धुकं, आणि गाडी पाण्यातून चालल्यासारखी वाटत होती. नागोठणं आलं तेव्हा मी जागी होते की नाही, सांगता येत नाही. रोहा येऊच नये, असं मात्र वाटत होतं. तिच्या डोक्याच्या भाराने खांदा अवघडला होता, तरी मी हलले नाही.

माणूस भला होता. चहा दिला, बिस्किटं दिली. म्हणाला, "मावशी, नीट ऐका. दंगल झाली, कोणी खोडसाळपणाने नुकसान केलं, तर भरपाई मिळते. पण धर्माच्या नाहीतर राजकारणाच्या नावाने, लोकांनी घाबरावं म्हणून केलं असेल, तर तो दहशतवाद धरतात. त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. तुमचा नाही. म्हणून विचारतो, ते काही बोलले का?"

विचारलं आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

हो म्हणायचं अगदी माझ्या ओठावर होतं. आमच्यावर काय गुदरलं ते कोणीतरी सरळ त्याच्या नावाने लिहावं, अशी मला भूक लागली होती. पण भाभी आधीच बोलून गेली. "नाय साहेब. टवाळ पोरं असतील. मस्ती, दुसरं काय." किती सहज बोलली! मोठी गोष्ट लहान करून सांगायची तिला सवय असावी, हे मला त्या क्षणी कळलं.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नाय," मी म्हणाले. "काय नाय बोलले."

त्याने जबाबात 'खोडसाळपणा' असं लिहून घेतलं. परतीच्या एसटीत भाभीने माझा हात धरला तो पेण येईपर्यंत सोडला नाही.

पैसे आले. शेड नवी झाली, पंखेसुद्धा लावले. बायका आनंदाने आल्या, जागेवरून भांडल्या, लाटण्यांची लय पुन्हा लागली. आम्हा दोघींना मात्र ती ऐकू येत नव्हती. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की माझा हात पिठात थांबायचा आणि समोर बघावं तर भाभीचाही थांबलेला. एका दुपारी बाहेर कोणाच्या तरी गाडीचा फाटकन आवाज झाला. बायका दचकल्या आणि हसल्या. मी भानावर आले तेव्हा दारात उभी होते, दोन्ही हात पसरून, आणि माझ्या शेजारी तशीच भाभी.

संध्याकाळी ती म्हणाली, "वैनी, तुझ्या बायका तुझ्या पडवीत बसव. माझ्या हितं बसतील." मी कारण विचारलं नाही. हो म्हणाले, आणि सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

आता माल एकच, नाव एकच, बसतो मात्र वेगवेगळ्या. बायका विचारतात, "दोघी भांडलात काय गो?" दीर म्हणतात, बायकांची भागीदारी टिकायचीच नाही. मी ऐकून घेते. खरं सांगितलं तर यातल्या अर्ध्याजणी घराबाहेर पडायच्या नाहीत.

परवा पेणच्या स्टँडवर तो विम्याचा माणूस भेटला. त्याने ओळखलं, हसला. "काय मावशी, शेड झाली ना झकास? सगळ्या परत एकत्र?"

"शेड झकास झाली," मी म्हणाले.

त्याची गाडी लागली, तो चढला. खिडकीतून त्याने हात केला, मीही केला. गाडी वळणाआड गेल्यावर मला त्याच्यामागे पळत जाऊन सांगावंसं वाटलं की साहेब, तुमचं लिहायचं चुकलं. नुसत्या खोडसाळपणाने एवढं साधत नाही.