माझ्या वहीतलं मिलान

"तू निदान मिलान तरी पाहिलंस," हे वाक्य मला आजवर इतक्या जणांनी ऐकवलंय की आता ते कानावर पडलं तरी माझं डोकं फिरतं. निदान म्हणजे काय? मला काय लॉटरी लागली होती? मी कामाला गेले होते आणि काम करून आले. पुढे जे झालं ते ऐकूनही लोक तेच म्हणतात, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

साकीनाक्याला एका गाळ्यात एक्स्पोर्टचे कपडे शिवायचा कारखाना होता. मी तिथे सॅम्पल शिवायची. परदेशच्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, दाखवायला जो पहिला कपडा जातो, तो माझ्या हातचा. त्यावरून मग बाकीच्या चाळीस बायका शेकड्यांनी माल काढायच्या. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, बाबा घरीच होते. असल्फ्याच्या आमच्या खोलीत चूल पेटायची ती माझ्या शिलाईवर.

शेठला मिलानच्या कपड्यांच्या प्रदर्शनात जागा मिळाली. तिथे पार्टीसमोर कपड्याचं फिटिंग करायला माणूस हवा होता. खरं तर आमचे कटिंग मास्तर जायचे, पण त्यांचा पासपोर्ट वेळेत येईना. माझा तयार होता. मस्कतला असलेल्या भावाने बोलावून घेतो म्हणून काढायला लावला होता. ते बोलावणं काही आलं नाही. शेठ आणि शेठाणी जाणार, सोबत मी.

चाळीत लगेच सुरू झालं. "शेठबरोबर परदेशात? लग्नाची पोर?" मास्तर जाणार होते तेव्हा त्यांच्या चारित्र्याची चौकशी कोणी केली नव्हती. आई तेवढी म्हणाली, "थंय थंडी असतली गो, माझी शाल घेऊन जा." तिला दुसरी काळजीच नव्हती.

मिलानला पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले, "जरीची साडी नेस. कुंकू मोठा लाव. पार्टीलोकला आवडते."

"शेठ, मी फिटिंगला आले ना?"

"फिटिंग पण कर ना. कोण नाय बोलला?"

मग मी आमच्या स्टॉलच्या दारात उभी. येईल त्याला नमस्कार, हसून चहा. एक खरेदीवाली बाई आमचा ब्लाऊज अंगात घालून म्हणाली, बाही ओढते. मी चहाची किटली खाली ठेवली, टाचण्या काढल्या, काखेतली शिवण बोटभर सैल केली आणि बाही सरळ पडली. ती खूश झाली. शेठ तिला म्हणाले, मुंबईला आमचा मास्तर हे नीट करून घेईल. तेवढं इंग्रजी मला कळत होतं.

पण प्रदर्शन दहाला उघडायचं. सात ते साडेनऊ हा वेळ माझा होता, आणि तो कोणाच्या बापाचा नव्हता. मापं लिहायला दोनशे पानी वही नेली होती, ती आणि पेन्सिल घेऊन मी बाहेर पडायची. धुकं इतकं की नारिंगी ट्राम अगदी नाकासमोर येईपर्यंत दिसायची नाही. आईची शाल डोक्यावरून घेऊन मी ट्रामच्या थांब्यावर उभी राहायची आणि माणसं बघायची.

काय एकेक कपडे! कॉलेजची पोरं गोधडीसारखी फुगलेली जाकिटं घालून, जीन्स घोट्याच्या वर दुमडलेली, का तर आतले चौकटीचे मोजे दिसावेत. पुरुष कोट अंगात घालायचेच नाहीत, बाह्या रिकाम्या ठेवून नुसता खांद्यावर टाकायचे, आणि तो पडायचा नाही. का पडत नाही हे बघायला मी एका साहेबाच्या मागे दोन चौक चालले. बायकांचे खांदे हे एवढे रुंद, आत गादी घातलेली, पण शिवण खांद्याच्या हाडावर न घेता पुढे सरकवलेली, म्हणून मान लांब दिसायची. एक बाई फरचा कोट घालून सायकलवरून भाजी नेत होती. मी सगळं काढलं. चित्रकला शिकलेली नाही मी, पण शिवण कुठून कुठे जाते ते मला काढता येतं.

एक आजीबाई रोज थांब्यावर असायची. हिरवा जाड लोकरी कोट, बटणं चकचकीत, पण कॉलरचा रंग बाकी कोटापेक्षा ताजा. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, कॉलर उलटवून शिवली होती. झिजलेली बाजू आत, कोरी बाहेर. मी टक लावून बघतेय हे तिला दिसलं. मी बोटांनी सुई ओढून दाखवली. ती हसली आणि तिने कॉलर वर करून विरलेली बाजू दाखवली, काहीतरी लांबलचक बोलली. मी मराठीतच म्हटलं, "बाबांच्या शर्टाला मीसुद्धा असंच करते." तिला कळलं असणार, कारण तिने माझ्या गालावर हात ठेवला. हात गार होता. तेवढ्यात ट्राम आली. सगळ्या प्रवासातली माझी सगळ्यात आवडती आठवण हीच. तीसुद्धा शेठनी सोडली नाही.

मुंबईला आल्यावर शेठ म्हणाले, "ती वही दोन दिवस दे, बघून देतो." मी दिली. महिना झाला तरी वही नाही. मग एका शनिवारी परदेशच्या पार्ट्या कारखान्यात आल्या. मला इस्त्री केलेले सॅम्पल घेऊन वर ऑफिसात बोलावलं. वर गेले तर भिंतीवर माझी चित्रं! सुबक गिरवून, रंग भरून, आणि खाली शेठच्या सुनेचं नाव. आजीबाईची कॉलरसुद्धा होती, नवी फॅशन म्हणून. एका म्हातारीने काटकसर म्हणून उलटवलेली कॉलर! शेठ पाहुण्यांना सांगत होते, माझी सून मिलानच्या रस्त्यांवर हिंडली आणि तिने हे काढलं. ती सून मुंबईच्या बाहेर पडली नव्हती.

मी हातातले हँगर टेबलावर टाकले. "शेठ," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या रस्त्यांवर मी हिंडले. ही चित्रं माझ्या वहीतली आहेत."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. शेठ हसले आणि इंग्रजीत म्हणाले, ती विचारतेय चहा आणू का. सगळे हसले. एकाने मान डोलावली, हो, आण.

मी चहा आणला नाही. पाहुणे गेल्यावर शेठच्या केबिनमध्ये शिरले.

"अरे बाई, गरम कशाला होते? तुला नेला कोण? वही कोणाची, पेन्सिल कोणाची? फॅक्टरीची."

"आणि डोळे कोणाचे, शेठ?"

त्यांनी समोरची फाइल ओढली. मग म्हणाले, "जा, काम कर."

सोमवारी सून माझ्या मशीनपाशी आली. कधी खाली न येणारी बाई, उभीच राहिली. "मला सांगितलं, ही फॅक्टरीची वही आहे. तुमची आहे हे खरंच माहीत नव्हतं."

"पहिल्या पानावर माझं नाव होतं."

"पहिलं पान नव्हतंच," ती म्हणाली. मला वाटलं, आता ही सासऱ्याला जाऊन विचारेल. तिने विचारलं नाही.

ऑर्डर मात्र मोठी मिळाली आणि तिथेच वाट लागली. मास्तरांनी चित्रावरून चार वेळा कापलं, चारही वेळा खांदा पाठीकडे ओढायला लागला. चित्रात शिवण पुढे होती; ती का पुढे होती ते रस्त्यावर उभं राहिल्याशिवाय कसं कळणार? शेवटी मास्तर स्वतः आले. "पोरी, तुझा राग बरोबर आहे. पण माल गेला नाही तर ह्या बायका घरी बसतील ना."

माझ्या शेजारची बाई काज करता करता थांबून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, वही आणा, मग कापते. तासाभरात सून वही घेऊन आली, दोन्ही हातांनी धरून. मी दुपारभरात पॅटर्न कापला. माल गेला, बायकांना गणपतीपर्यंत काम पुरलं. मालाच्या छापील पत्रकावर डिझाइन म्हणून नाव सुनेचंच राहिलं.

त्या गणपतीनंतर मी नोकरी सोडली. शेठ म्हणाले, "आम्ही तुला विदेश दाखवला आणि तू अशी?" मी वही पिशवीत टाकली आणि निघाले. बोलायला गेले असते तर तोंडातून काय निघालं असतं ते मला ठाऊक होतं.

मरोळच्या एका कारखान्यात कटिंगची जागा होती. तिथले मालक मला खालीवर बघत म्हणाले, "कटिंगला बाई? कापडाचे तागे उचलणार कोण?"

भिंतीला जाड पॉपलिनचा तागा उभा होता. मी पदर खोचला, तागा खांद्यावर घेतला, टेबलावर टाकला आणि कात्री मागितली.