माणिक मिस्त्रींचा कोबा

कनेरगाव नाक्यावर माझी स्कूटी पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा माणिक मिस्त्रींनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. एका ट्रॅक्टरखाली आडवे पडले होते, तिथूनच ओरडले, "ओ बाई, उन्हात काहून उभ्या? सावलीत या आधी!" मी म्हटलं, गाडीचं बघा. तर म्हणाले, "गाडीला ऊन लागत न्हाई. माणसाला लागतंय." मी हिंगोलीहून रोज तिथल्या शाळेवर जाणारी, नवी आणि स्वभावाने तुसडी. कोणी हुकूम सोडला की माझं डोकं फिरतं. पण त्यांनी ट्रॅक्टरखालून तेलकट हात काढून गॅरेजमधलं बाकडं दाखवलं आणि मी मुकाट्याने जाऊन बसले.

त्या बाकड्यावर जागा मिळणं म्हणजे नशीबच. एसटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या, बाजाराला निघालेली माणसं, कोणाची तरी शेळी. निम्म्या लोकांचा गॅरेजशी काडीचा संबंध नसे. मिस्त्रींची बायको गयाबाई शेडच्या कोपऱ्यात स्टोव्हवर चहा करायच्या आणि नवऱ्यावर तोंडसुख घ्यायच्या. "गिऱ्हाईक कमी अन् सोयरेच लई," हे त्यांचं रोजचं. मिस्त्रींचं उत्तरही रोजचंच. "असू दे ना. सावली काय आपल्या बापाची हाय?"

खाली सिमेंटचा कोबा होता, मिस्त्रींनी तरुणपणी स्वतःच्या हाताने घातलेला. आयुष्यभराचं इंजिन ऑइल पिऊन तो काळाकुट्ट झाला होता. मी दोनदा त्यावर घसरले आणि दोन्ही वेळा मिस्त्रींना नाही नाही ते बोलले. ते हसून म्हणाले, "बाई, ह्या कोब्यात अर्धा हिंगोली जिल्हा मुरला हाय. संभाळून चाला."

पुढे रस्ता रुंद झाला आणि त्यावरून नव्या गाड्या धावू लागल्या. नव्या गाडीवाल्याला कंपनीच्याच सेंटरला जावं लागतं, बाहेर गाडी उघडली तर वॉरंटी जाते. मिस्त्रींकडे उरल्या जुन्या, दम लागलेल्या गाड्या, त्याही एकेक करून भंगारात जाऊ लागल्या. गयाबाईंचा भाऊ पुण्यात वॉचमन होता. तो सारखा फोन करून सांगायचा, या इकडे, दाजींना पार्किंगमध्ये कामाला लावून देतो. ते नाव काढलं की मिस्त्री ताटावरून उठायचे.

अशात एका मोटारसायकल कंपनीची माणसं आली. त्यांना या रस्त्यावर एक सर्व्हिस सेंटर द्यायचं होतं. मिस्त्रींचा हात त्यांना पसंत पडला, जागाही पसंत पडली. पसंत पडला नाही तो कोबा. शोरूमसारखी करडी, चकचकीत, इपॉक्सी रंग दिलेली जमीन हवी, म्हणाले. एप्रिलअखेर मोठे साहेब येतील. तोवर जमीन झाली तर सेंटर तुमचं, नाहीतर आम्ही पुढे वाशिमकडे बघतो.

मिस्त्री आधी हसले. "गाडी दुरुस्त करायची का कोब्यावर पंगत बसवायची?" मग मात्र पेटले. गॅरेजच्या तोंडाशी दोरी बांधली, बाकडं उचलून कडुलिंबाखाली नेलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून कोबा घासायला लागले. सोड्याने धुतला, ॲसिडने धुतला, भाड्याने मशीन आणून वरचा थर खरवडून काढला. सकाळची शाळा होती. मी जाताना कोबा पांढरा, कोरडा दिसायचा. दुपारी परतेपर्यंत ऊन तापलेलं असे आणि आतलं तेल काळे डाग होऊन पुन्हा वर आलेलं असे. तोंडाला फडकं बांधलेले मिस्त्री नुसते बघत राहायचे. "काल धुतलं तं आज पुना वर. माझीच मेहनत माझ्या उरावर येऊन राहिली, बाई." नांदेडच्या रंगवाल्याने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, इतकं तेल मुरलेल्या कोब्यावर रंग टिकेल याची मी हमी देत नाही. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा घासायला बसले.

रंगाचे दोन डबे असतात. एकत्र कालवले की अर्ध्या तासाच्या आत लावून मोकळं व्हायचं, नाहीतर सगळं थिजतं. मिस्त्रींनी बादलीत रंग कालवला, रोलर हातात घेतला, आणि रस्त्यावरून एक माणूस मोटारसायकल ढकलत आला. मागे बायको, तिच्या कडेवर तान्हं लेकरू, डोक्यावर साधा रुमालही नाही. मी तिथेच होते. गयाबाई कळवळून म्हणाल्या, "अवो, रंग! आधी रंग लावा!" मिस्त्रींनी रोलर बादलीत ठेवला. "लेकरू उन्हात हाय. दोन मिन्टाचं काम." लेकराला सावलीत घेतलं, आईला पाणी दिलं, चेन उतरली होती ती बसवली, मग कळलं की चाकही पंक्चर आहे. परत आले तेव्हा बादलीतून धूर निघत होता आणि रोलर आत दगडासारखा रुतला होता. मिस्त्रींनी बादली पालथी करून पाहिली. काही पडलं नाही. "रंगाला काय कळतं," एवढंच म्हणाले.

नवे डबे यायला एप्रिल संपत आला. ह्या वेळी गयाबाई रस्त्यावर पहाऱ्याला उभ्या राहिल्या आणि रंग लागला. खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होता. भरल्या तळ्यासारखा. पत्र्याच्या फटीतून आलेला उजेड त्यावर पडायचा आणि मिस्त्री दोरीच्या बाहेर उभे राहून बघत बसायचे. आठवडाभर त्यावर चाक टेकवायचं नाही, रंगवाल्याने बजावलं होतं. साहेबांचा दिवस त्याआधीच आला. पण त्यात काही अडचण नव्हती. गाडी बाहेर राहील, साहेब चपला काढून आत येतील. मिस्त्रींनी ते आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. "गाडी भायेर, सायेब आत. बराबर?"

शाळा सुटल्यावर मी मुद्दाम थांबले. भर दुपारी साहेबांची गाडी आली. उन्हातून लांबचं अंतर कापून आलेली, जवळून गेली तरी झळ लागावी अशी तापलेली. साहेब तरुण होते, घामाघूम झाले होते. बोलायला चांगले होते, त्यांचा काही दोष नाही. काच खाली करून त्यांनी विचारलं, "गाडी इथे रस्त्याच्या कडेलाच लावू का?"

आणि माणिक मिस्त्री म्हणाले, "उन्हात काहून लावता सायेब? सावलीत घ्या."

गयाबाईंच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. मिस्त्रींच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिला. काय बोलून बसलो ते त्यांना तत्क्षणी कळलं होतं. पण आलेल्या माणसाला एकदा या म्हटल्यावर नको कसं म्हणणार? त्यांनीच पुढे होऊन दोरी सोडली आणि हात दाखवत गाडी आत घेतली.

साहेबांनी हत्यारं पाहिली, चहा घेतला, जमिनीकडे बघून म्हणाले, "छान केलंय हो." मिस्त्री चाकांकडे बघत उभे होते. मग साहेबांनी गाडी मागे घेतली. चिकटपट्टी ओढल्यासारखा आवाज झाला आणि चारी चाकांखालचा रंग उचलून टायरला चिकटला. जिथून तो निघाला तिथे जुना काळा कोबा दिसत होता, तेलाने ओला. साहेब उतरले, त्यांनी टायर पाहिले, जमीन पाहिली. "बघतो, कळवतो," म्हणाले आणि गेले.

मला साहेबांचा नाही, मिस्त्रींचाच संताप आला. मी त्यांना फाडफाड बोलले. एक शब्द गिळता आला नाही तुम्हाला? त्यांनी मान हलवली. "न्हाई आला, बाई." माझं रडू मला आवरेना, म्हणून मी स्कूटी काढली.

कोणी काही कळवलं नाही. सेंटर वाशिमच्या अलीकडे झालं. मिस्त्रींनी चार ठिगळं पुन्हा रंगवली, तीही पापुद्रे धरून सुटली. पावसाळ्याआधी शेड एका खतवाल्याला दिली आणि दोघं पुण्याला गेली. ते निघाले तेव्हा मी एसटीवर पोचवायला गेले होते. गयाबाई गळ्यात पडल्या. मिस्त्री खिडकीतून फक्त म्हणाले, "स्कूटीचं ऑइल बदला, बाई."

गेल्या उन्हाळ्यात भाचीकडे पुण्याला गेले, तेव्हा फोन करून त्यांना भेटायला गेले. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात पार्किंग होतं. खुर्चीवर माणिक मिस्त्री, अंगात बाह्या लांब झालेला गणवेश. खाली जमीन करडी, चकचकीत, पिवळ्या पट्ट्यांची. तेच ते इपॉक्सी. मी काही बोलणार तोच एक गाडी जागेवरून निघून कुरकुरत वळून गेली. मिस्त्री उठले, ती उभी होती तिथे जाऊन वाकून पाहिलं आणि परत आले. "काहीच उचलत न्हाई बगा," म्हणाले. दर गाडीमागे ते असं बघत असणार, हे मला समजलं.

गयाबाई कशा आहेत, विचारलं. चार घरची धुणीभांडी करतात, म्हणाले. करमतं का, विचारलं. "हितं दिवस मावळल्याला बी कळत न्हाई, बाई." ते मला खुर्ची द्यायला उठले, आणि तेवढ्यात सुपरवायझरने लांबून शिट्टी वाजवली. मिस्त्री तसेच अवघडून उभे राहिले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बाई, भायेरच्या माणसाला हितं थांबू देत न्हाईत. तुमी वर जा."

वर भर दुपारचं ऊन होतं. ते त्यांनाही माहीत होतं.