आज हसायचं का गप्प उभं राहायचं?

आज माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. सकाळी घरचे विधी उरकून आम्ही सातपूरजवळच्या एका बालगृहात मुलींसाठी खीर-पुरीचं जेवण घेऊन गेलो. वडिलांचा हार घातलेला फोटोही सोबत नेला होता.

ताटं वाढली, पण मुली बसल्या नाहीत. फोटोसमोर रांगेत हात जोडून उभ्या राहिल्या. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. भाऊ मोबाइलवर फोटो काढायला लागला.

तेवढ्यात एका लहान मुलीने शेजारच्या मोठ्या मुलीला हळूच विचारलं, "ताई, आज हसायचं का गप्प उभं राहायचं?"

"खीर आहे ना, मग गप्प. केक असला की हसायचं."

मी भावाला मोबाइल खिशात ठेवायला लावला. तिथल्या अधीक्षक बाईंना म्हटलं, "पोरींना जेवू द्या आधी."

"अहो, देणाऱ्यांना बरं वाटतं म्हणून शिकवलंय," त्या म्हणाल्या.

खीर वाढताना मी त्या मोठ्या मुलीला सॉरी म्हटलं.

"असू द्या मावशी, सवय झालीये." मग ताटाकडे बघत ती म्हणाली, "नामपूरला माझी आजी वारली, ते मला दहावा झाल्यावर सांगितलं. शाळा बुडेल म्हणून."

वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला तुम्हीही अशा ठिकाणी जेवण देत असाल. जरूर द्या, मीही देईन. पण माझ्या वडिलांना जन्मात न पाहिलेली ही पोर आज त्यांच्यासाठी हात जोडून उभी राहिली. तिच्या आजीसमोर उभं राहण्याचा तिचा हक्क कुणी काढून घेतला, आणि कुणाला विचारून?