जुना डाग

धुलाई कारखान्यात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं, ज्याच्यावर म्हणून हट्टी डाग असेल ते तिच्यासमोर येऊन पडायचं. ती नखाने खरवडायची, वास घ्यायची आणि निदान करायची. चहा, गंज, रक्त. रक्त लाल असेल तर ताजं, लगेच थंड पाण्यात टाका. तपकिरी असेल तर जुनं, आता घाई करून काय उपयोग, भिजत पडू दे. या बाबतीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

घरी मात्र तिच्या शब्दाला कुणी विचारत नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. सासूबाई बोलून बोलून थकल्या आणि गप्प झाल्या, ते तिला बोलण्याहून जास्त लागायचं. नवरा कुलपं दुरुस्त करायचा. स्वभावाने गरीब, तो काही म्हणत नसे. पण तिला स्वतःलाच मूल हवं होतं, अगदी वेड्यासारखं हवं होतं.

त्या खेपेला पाळी चुकली. तिने तोंडातून ब्र काढला नाही. आधी दोनदा हुरळून जाऊन घरभर सांगितलं होतं आणि तोंडघशी पडली होती. त्यामुळे तपासणीही केली नाही. मग एका सकाळी कपड्यावर डाग दिसला. थोडासाच, तपकिरी. तिने त्याच्याकडे कारखान्यातल्या डागासारखं पाहिलं आणि निकाल दिला: जुनं रक्त. उशिरा आलेली पाळी, दुसरं काय! न्हाणीघरात बसून पोटभर रडली आणि कामावर गेली.

तिची पाळी एरवी लालभडक, कंबर मोडून टाकणारी, चार दिवसांत ओसरणारी. ही ना वाढत होती ना थांबत होती. नुसते थेंब, आणि ओटीपोटात एकाच बाजूला कळ. जावेला सांगितलं तर ती म्हणाली, वय झालं की असं व्हायचंच. पुढे खांदाही दुखू लागला. आता धुलाईच्या कारखान्यात खांदा कुणाचा दुखत नाही? शेजारच्या इस्त्रीवालीने बाम चोळून दिला आणि दोघी हसल्यासुद्धा. दुपारी ओल्या चादरींची गाडी ढकलताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आली ती हॉस्पिटलात, पोटाला टाके.

डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि गर्भ पिशवीत न राहता बीजनळीत रुजला होता, नळी फुटली, ती काढावी लागली, असं सांगितलं. दुसरी नळी आधीपासूनच बंद होती.

"पण पाळी आली होती मला," ती म्हणाली.

"दिवस गेले असताना पाळी येत नाही, बाळ. येतं ते नुसतं रक्त. थेंबभर असलं तरी दाखवायचं असतं."

"तपकिरी होतं ते. जुनं."

"जुनं म्हणजे आत आधीपासून झिरपत होतं. खांदा दुखला असेल, तोही त्यामुळेच."

 तिने विचारलं, वेळेवर आले असते तर?

"मूल नसतं वाचलं. नळी कदाचित वाचली असती."

नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. घरी जाताना तो रिक्षात एवढंच म्हणाला, की मला तरी सांगायचंस. त्यात राग नव्हता, आणि तेच तिला सोसलं नाही.

ती पुन्हा कामावर गेली. कुठे जाणार दुसरीकडे? पहिल्याच दिवशी इस्त्रीवाली एक पांढरी चादर घेऊन आली. मधोमध तपकिरी डाग. सवयीने म्हणाली, "जुना आहे ना गं? राहू दे उद्यावर?"

तिने चादर ओढून घेतली आणि थंड पाण्यात बुडवली. दोन्ही हातांनी चोळू लागली. डाग निघत नव्हता. इस्त्रीवाली दोनदा म्हणाली, अगं पुरे. तिला ऐकू गेलं नाही. कापड विरलं, फाटलं, तिची बोटं पलीकडे निघाली, तरी ती चोळतच होती. शेवटी इस्त्रीवालीने पाण्यात हात घालून तिचे हात धरले.