स्वतःविषयीची चाळीस विधाने

आईच्या दीर्घ आजारपणात माझी उमेदीची वर्षे गेली. ती गेल्यावर, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी पहिल्यांदा नोकरीसाठी अर्ज केला. शालेय पुस्तके छापणाऱ्या एका संस्थेला मुद्रितशोधक हवा होता. मराठीत एम.ए. केलेले असल्याने तेवढे आपल्याला जमेल, असे भीत भीत वाटले.

मुलाखतीआधी संगणकावर एक चाचणी होती. ठाकुर्लीच्या घरी, भाचीच्या लॅपटॉपसमोर बसून मी ती दिली. भाषेचा भाग सोपा गेला. नंतर स्वतःविषयीची चाळीस विधाने आली. 'मी जबाबदारी आत्मविश्वासाने स्वीकारते', 'माझे काम इतरांपेक्षा सरस असते.' प्रत्येकापुढे 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच पर्याय. आपणच आपल्याला सरस म्हणायचे, हे आमच्या घरात कोणी केलेले मला आठवत नाही. बहुतेक ठिकाणी मी मधला, 'सांगता येत नाही' हा पर्याय निवडला. दहा मिनिटांत नकाराची मेल आली. एवढ्या वेळात माझी उत्तरे कोणा माणसाने वाचली असतील, हे शक्य नव्हते.

"अगं मावशी, सगळीकडे 'सांगता येत नाही'?" भाचीने कपाळाला हात लावला. "मशीनला काय कळणार तू लाजतेयस ते? त्याला वाटलं, हिला काहीच येत नाही!"

"पण खोटं कसं लिहायचं गं?"

"खोटं कुठे? थोडा भाव खा ना!"

महिन्याभराने घोडबंदर रोडवरच्या दुसऱ्या एका प्रकाशनाकडे अर्ज केला. पुन्हा तशीच विधाने. या वेळी मी भाव खाल्ला. 'अनोळखी माणसांशी मी सहज बोलते' यापुढे 'पूर्णपणे सहमत' निवडताना कान तापले. मुलाखतीचे बोलावणे आले.

तिथल्या संपादिकाबाईंच्या हातात माझ्या उत्तरांचा कागद होता. नावापलीकडे माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"सहज बोलता म्हणे तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले. "आधीच्या ठिकाणी खरं लिहिलं होतं. त्यांनी बोलावलंच नाही."

मग तो कागद बाजूला ठेवून त्यांनी सहावीच्या पुस्तकाची चार पाने पुढे सरकवली. "चुका काढा."

त्या पानांवर मला नोकरी मिळाली.

अलीकडे आमच्या विभागात आणखी एक जागा निघाली. उमेदवारांची यादी माझ्याकडे आली, तेव्हा चाचणीत मागे पडलेल्यांची उत्तरे पाहता येतील का, असे मी बाईंना विचारले. ती नावे आपल्यापर्यंत येतच नाहीत, असे त्या म्हणाल्या. यादीतल्या अकराही जणांनी स्वतःला सरस म्हटले होते. त्यांच्यात माझ्यासारखे किती, हे मला ओळखता आले नाही.