बर्शाच्या गच्चीवरचा गॅस

मंदी आली तेव्हा मी शारजात, रोल्ला भागातल्या एका खोलीत सहा जणांबरोबर राहत होतो आणि दुबईत एसी बसवायचं काम करत होतो. नव्या इमारतींची कामं एकेक करून थांबली. मग कंपनीने आम्हाला एसी काढायच्या कामाला लावलं. बंद पडलेल्या ऑफिसांत जायचं, आधी एसीतला गॅस मशीनने ओढून सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा आणि मग युनिट उतरवायचं. गॅस साफ करून पुन्हा वापरता येतो. त्यातले कितीतरी एसी मीच खोक्यातून कोरे काढून बसवले होते. आता तेच उतरवताना हात चालायचे, मन नाही.

त्या दिवशी दुबईच्या अल बर्शा भागात एका इमारतीच्या गच्चीवर मी आणि माझा केरळचा जोडीदार होतो. सकाळीच ऊन भाजत होतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून आम्ही त्यावर ओलं पोतं टाकलं होतं. सिलिंडर गळ्यापर्यंत भरायचा नसतो. उन्हाने गॅस फुगतो, जागा नसेल तर सिलिंडर फुटू शकतो. काटा ठरल्या वजनावर आला तसं मशीन बंद केलं. एक युनिट अजून बाकी होतं आणि रिकामा सिलिंडर नव्हता. मी सुपरवायझरांना फोन केला.

ते पुण्याचे, बर्शातच बायकोमुलांसह राहायचे. थोड्या वेळाने ते स्वतःच्या गाडीतून रिकामा सिलिंडर घेऊन वर आले. शर्ट घामाने चिकटलेला, डोळे लाल.

"ऑफिसातून सांगतायत, उरलेला हवेत सोडा आणि खलास करा," ते म्हणाले. "मी आहे तोवर नाही सोडायचा."

मी वाकून नवा सिलिंडर काट्यावर ठेवत होतो, तेवढ्यात त्यांनी भरलेल्या सिलिंडरचा पाइप सोडवायला घेतला. हातमोजे न घालता. पाइपात द्रव गॅस अडकलेला होता, तो बाहेर पडताना बर्फापेक्षाही गार होतो. फस्स आवाज झाला आणि ते ओरडले. जोडीदाराने धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. साहेबांच्या उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली होती, मेणासारखी. इतक्या उन्हात माणसाची बोटं गोठलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मी त्यांचा हात धरून चोळायला लागलो.

"चोळू नकोस!" ते कळवळले. "कोमट पाणी आण."

गच्चीवरच्या नळाचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं. आमच्या पिण्याच्या कॅनमधलं गार पाणी त्यात मिसळून मी बादली त्यांच्यासमोर ठेवली. ते टाकीच्या सावलीत हात बुडवून बसले.

"मीच शिकवलं होतं ना रे तुम्हाला," ते म्हणाले. "मोजे घाला, आधी व्हॉल्व्ह बंद करा. आज डोकंच चालत नाहीये. सकाळी एचआरने बोलावलं होतं. या महिन्यानंतर मी नाही."

मी जोडीदाराला हिंदीत सांगितलं. तो बादलीजवळ सरकून बसला.

साहेबांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. मुलगी होती. "बाबा, आर यू कमिंग फॉर लंच?"

"येतो गं बाळा," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीसारखा होता.

जोडीदार त्यांना टॅक्सीने दवाखान्यात घेऊन गेला. मी हातमोजे, चष्मा चढवून उरलेलं युनिट एकट्यानेच सावकाश रिकामं केलं. गॅस हवेत सोडला नाही.

बोटांवर फोड आले, पण बोटं वाचली. महिनाअखेरीस ते कुटुंबासह पुण्याला गेले. जायच्या आधी आमच्या खोलीवर येऊन डाव्या हाताने आमच्याशी हात मिळवला. मी पुढे कितीतरी महिने एसी उतरवतच राहिलो. एकदा त्यांचा पुण्याहून फोन आला. म्हणाले, काम शोधतोय. त्यांनी माझं कसं चाललंय विचारलं. मी म्हणालो, चाललंय साहेब.