गोदामातला जुना स्विच

पुण्याची नोकरी सोडून मी रत्नागिरीत परतले आणि पावस गावाच्या वाटेवरच्या एका आंबा पल्पच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळायला लागले. ऑफिस, प्लांट आणि गोदाम, तिन्हीकडे एकेक स्विच, म्हणजे तिथले कॉम्प्युटर जोडणारा डबा, आणि तिन्ही डबे एकमेकांना वर्तुळात जोडलेले. सगळ्या वाटा उघड्या राहिल्या तर तोच संदेश गरगर फिरत बसतो नि सगळं ठप्प होतं. म्हणून स्पॅनिंग ट्रीच्या नियमाने स्विच आपापसात ठरवून एक वाट बंद ठेवतात. दुसरी तुटली की ती उघडते.

ऑफिस नि प्लांटमध्ये मी नवे स्विच बसवले. गोदामातला जुनाच राहिला, कारण गोदाम सांभाळणारे काका. "चालतोय ना? मग हात लावू नकोस."

मॅनेजरसाहेबांसमोर मी ऐटीत म्हटलं, "आता एखादी वायर तुटली तरी कोणाला कळणारसुद्धा नाही." आणि गोदामाकडे जाणारी वायर उपटली.

लगेच मोबाइलवर काकांचा फोन. "काय गो, काय केलंस? वजन चढेना कॉम्प्युटरवर!"

साहेब घड्याळाकडे बघायला लागले. मी छताकडे. अर्ध्या मिनिटाने काका म्हणाले, "हां, आलं."

गोदामात जाऊन मी कारण सांगितलं. नव्या स्विचला बंद वाट उघडायची जलद पद्धत येते, जुन्याला फक्त पहिली, सावकाश पद्धत. समोर जुना आहे हे ओळखून नवा त्याच्यापुरता सावकाश होतो आणि थांबून, खात्री करूनच वाट उघडतो.

"म्हणजे म्हाताऱ्याशी त्याच्या कलाने बोलतो," काका म्हणाले. "तुझ्यापेक्षा गुणी आहे."

मला राग आला, पण हसूही आलं. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच त्यांना विचारलं, स्विच बदलायला नको का वाटतं? तर भीती एवढीच, की ऐन हंगामात काम बंद पडेल. मी शब्द दिला, हंगाम संपल्यावरच.

पावसाळ्यात नवा स्विच बसवला, पुन्हा वायर उपटली आणि काकांना फोन लावला.

"काही कळलं?"

"काय कळायचंय? काढणारेस कधी वायर?"

"काढली की!"

"मग फोन कशाला केलास? बाहेर टेम्पो उभा आहे माझा."